ऐकण्यापूर्वीची जबाबदारी

कानाला पापणी नाही. डोळा मिटता येतो, जीभ आवरता येते, हात मागे घेता येतो. कान मात्र झोपेतही उघडाच असतो. त्यामुळे कान हा एक निष्क्रिय अवयव आहे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. आवाज येतो, आत शिरतो, मेंदूपर्यंत पोहोचतो. त्यात माणसाचे कर्तृत्व ते काय? 'कानावर पडले' हा आपला वाक्प्रचारही याच समजुतीतून आलेला दिसतो. या समजुतीतून एक नैतिक निष्कर्षही नकळत काढला जातो. बोलणारा आपल्या बोलण्याला जबाबदार आहे, ऐकणाऱ्याचा त्यात काय दोष? चहाडी त्याने केली, माझ्या ती फक्त कानावर आली. घरात तिने तक्रार केली असेल, मला ती ऐकू आली नाही.

पवित्र कुरआनने ही पळवाट खुली ठेवलेली नाही. सूरह बनी इस्राईलच्या ३६ व्या आयतीत, ज्या गोष्टीचे आपणास ज्ञान नाही तिच्या मागे लागण्यास मनाई करताना, कान, डोळे आणि अंतःकरण या तिघांविषयी जाब विचारला जाईल असे बजावले आहे. आणि तिघांत कानाचा उल्लेख प्रथम आहे. डोळ्याचा जाब समजू शकतो, कारण दृष्टी वळवता येते. पण ज्या अवयवाला दारच नाही, त्यातून आत काय आले याचा हिशेब माणसाकडून कसा मागावा?

या प्रश्नाचा विचार येथे कानाच्या रचनेच्या अंगाने करावयाचा आहे. प्रयोगशाळेतला प्रत्येक शोध आयतींत आधीच होता असे दाखवण्याची पद्धत आपल्याकडे फार बोकाळली आहे. तिच्यात भर घालण्याचा हेतू नाही. कुरआन मार्गदर्शनासाठी अवतरला, शरीरशास्त्र शिकवण्यासाठी नव्हे. शिवाय विज्ञानाचे सिद्धांत बदलत असतात आणि श्रद्धेला त्यांच्या खुंटीवर टांगून ठेवणे शहाणपणाचे नाही. मात्र निर्मात्याने घडवलेला अवयव प्रत्यक्षात कसा चालतो हे नीट समजले, तर नैतिक प्रश्न अधिक नेमका मांडता येतो. एवढीच अपेक्षा.

कानाच्या आतल्या भागात गोगलगायीच्या शंखासारखी सुमारे अडीच वेटोळ्यांची एक नळी असते. शास्त्रज्ञ तिला कॉक्लिया म्हणतात. ती उलगडली तर जेमतेम साडेतीन सेंटिमीटर भरेल. तिच्यात द्रव असतो आणि त्या द्रवातल्या पडद्यावर केसासारखे सूक्ष्म तंतू असलेल्या पेशी रांगेने बसलेल्या असतात. त्यांना केशपेशी म्हणतात. आतल्या बाजूची एक रांग सुमारे ३,५०० पेशींची, तर बाहेरच्या बाजूच्या तीन रांगा मिळून सुमारे १२,००० पेशींच्या. कोणालाही वाटेल की संख्येने तिप्पटीहून अधिक असलेल्या बाहेरच्या पेशीच ऐकण्याचे मुख्य काम करीत असतील. प्रत्यक्षात कानाकडून मेंदूकडे संदेश नेणाऱ्या मज्जातंतूंपैकी जवळजवळ ९५ टक्के तंतू आतल्या एकाच रांगेपासून निघतात. मग बाहेरच्या तीन रांगा कशासाठी?

याचे उत्तर मिळण्यास बराच काळ लागला. द्रवातून आवाजाची लाट कशी सरकते हे दाखवून दिल्याबद्दल गेऑर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु त्यांची निरीक्षणे मुख्यतः मृतांच्या कानांवरची होती, आणि मेलेला कान व जिवंत कान यांत फार अंतर आहे. टॉमस गोल्ड या तरुण शास्त्रज्ञाने १९४८ मध्येच सांगितले होते की द्रवातली लाट तर लगेच विरून जायला हवी; ज्याअर्थी कान इतके बारीक आवाज वेगवेगळे ओळखतो, त्याअर्थी तो स्वतःची शक्ती खर्च करून लाटेला बळ देत असला पाहिजे. त्यांच्याकडे तेव्हा कोणी फारसे लक्ष दिले नाही. (ऐकण्याच्या शास्त्रातच एका माणसाचे ऐकले गेले नाही, ही गंमतच.) पुढे १९७८ मध्ये लंडनच्या डेव्हिड केम्प यांनी कानात बारीक ध्वनिग्राहक बसवून सिद्ध केले की निरोगी कान केवळ आवाज घेत नाही, तो आवाज काढतोही. आज कित्येक रुग्णालयांत नवजात बाळाच्या कानात छोटी नळी ठेवून श्रवणाची तपासणी करतात, ती याच शोधावर आधारलेली आहे. आणि १९८५ मध्ये विल्यम ब्राउनेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की बाहेरच्या केशपेशी विद्युत संदेशासरशी आखडतात आणि लांबतात. सेकंदाला हजारो वेळा होणाऱ्या या हालचालीने त्या मंद लाटेला झोका देतात, जसा झोपाळ्यावरच्या मुलाला नेमक्या वेळी हलका धक्का द्यावा. या पेशी नष्ट झाल्या तर माणसाचे ऐकणे ४० ते ६० डेसिबलनी घटते; म्हणजे हळू बोलणे त्याला जवळजवळ ऐकूच येत नाही.

आता आपल्या विषयाच्या गाभ्याशी येऊ. या हलणाऱ्या पेशींवर लगाम कोणाचा? ग्रँट रॅसमुसेन या अमेरिकी शरीररचनातज्ज्ञाने १९४६ मध्ये मज्जातंतूंची एक जुडी वर्णिली. ती कानातून मेंदूकडे जात नव्हती, तर मेंदूच्या तळाच्या भागातून निघून कानात उतरत होती. ज्या मार्गाने बातमी वर जाते त्याच्याच शेजारून वरून खाली हुकूम येत होता! १९५६ मध्ये रॉबर्ट गॅलंबॉस यांनी मांजरावरील प्रयोगात ही जुडी विजेने उत्तेजित केली, तेव्हा कानातून मेंदूकडे जाणारे संदेशच क्षीण झाले. आवाज तेवढाच होता. कान मात्र कमी सांगू लागला होता. या जुडीतील जाड तंतू बाहेरच्या केशपेशींवर जाऊन संपतात, तेथे एक रसायन सोडतात आणि पेशीचा जोर कमी करतात. या तंतूंना हुकूम केवळ तळाच्या केंद्रातून मिळतो असे नाही. मेंदूच्या वरच्या थरांतून, जेथे अर्थ आणि अपेक्षा यांचे काम चालते, तेथूनही टप्प्याटप्प्याने उतरणारे मार्ग या केंद्रापर्यंत येतात.

हा लगाम कशासाठी, याची काही उत्तरे आता बऱ्यापैकी स्पष्ट आहेत. पंख्याची घरघर, रस्त्यावरचा अखंड गोंगाट असे सतत चालणारे आवाज श्रवणतंतूंना गुंतवून थकवतात; मग त्याच वेळी कोणी बोलले तर ते टिपण्यास त्यांच्यात जोर उरत नाही. मेंदूने केशपेशींचा जोर जरा उतरवला की अखंड आवाजाला मिळणारा प्रतिसाद घटतो आणि मध्येच आलेला शब्द उठून दिसतो. मोठ्या आवाजाच्या इजेपासूनही ही व्यवस्था काही अंशी रक्षण करते. ज्या प्राण्यांत ती बळकट असते त्यांच्या कानाला गोंगाटाने कमी हानी होते, असे गिनीपिगवरील प्रयोगांत दिसले आहे. पण या रक्षणाची मर्यादा ओळखलेली बरी. हा लगाम खेचला जाण्यास सेकंदाचा सुमारे दहावा भाग लागतो, तोवर फटाका फुटून गेलेला असतो. आणि वरातीतल्या ध्वनिक्षेपकांच्या भिंतीपुढे तासन्तास उभ्या केलेल्या मुलांच्या कानाला तो वाचवू शकत नाही. निकाहसारख्या इबादतीच्या प्रसंगी हा गोंगाट कुठून शिरला, हा निराळा विषय.

लक्ष दुसरीकडे असताना कानावर काय परिणाम होतो, हेही तपासले गेले आहे. १९५६ मध्ये एर्नांदेस-पेओन आणि सहकाऱ्यांनी मांजराच्या मेंदूतील श्रवणाच्या पहिल्याच केंद्रात तार बसवली. टिकटिक ऐकवली की तेथे प्रतिसाद उमटे. पण मांजरापुढे काचेच्या बरणीत उंदीर ठेवले की तो प्रतिसाद मावळे. हा प्रयोग फार गाजला आणि त्यावर आक्षेपही आले, कारण मांजराने मान वळवली तरी कानात शिरणारा आवाज बदलतो. २००७ मध्ये चिले देशातील संशोधकांनी चिंचिला नावाच्या प्राण्यावर अधिक काटेकोर प्रयोग केला. प्राण्याचे लक्ष दिव्याच्या खुणेवर खिळले असता खुद्द कॉक्लियाचीच संवेदनशीलता घटल्याचे आढळले. माणसांवरील अशा प्रयोगांचे निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत. परिणाम दिसला तरी लहान असतो, आणि निवडीचा मोठा वाटा मेंदूच्या वरच्या थरांतच पार पडतो. तरीही निवडीची सुरुवात कानाच्या आतपर्यंत पोहोचलेली असते, हे आता नाकारता येत नाही. 'आधी ऐकले आणि मग ठरवले' हा आपला क्रम पुरता खरा नाही. ठरवण्याचा काही भाग ऐकण्याच्या आधीच झालेला असतो.

येथे एक गंभीर आक्षेप उभा राहतो. हा लगाम मी हाताने ओढत नाही. मला त्याची जाणीवही नसते. जे माझ्या जाणिवेखाली घडते त्याचा जाब मला कसा विचारता येईल? अल्लाह कोणावरही त्याच्या कुवतीबाहेरचा भार टाकत नाही, हे सूरह बकराच्या अखेरीस स्पष्ट आहे. आक्षेप योग्य आहे आणि फिकहच्या विद्वानांनी त्याचा विचार शतकांपूर्वीच वेगळ्या भाषेत केला आहे. अरबीत सहज कानावर येण्याला 'सिमाअ' आणि हेतुपूर्वक कान देण्याला 'इस्तिमाअ' म्हणतात. सजदा-ए-तिलावतचा नियमच पाहा. हनफी मतानुसार सजद्याची आयत ज्याच्या कानावर पडली त्याच्यावर सजदा वाजिब होतो, मग त्याने ऐकण्याचा हेतू केलेला असो वा नसो. मालिकी आणि हंबली मतांत तो हेतुपूर्वक ऐकणाऱ्यासाठी आहे. शाफई मतात तो दोघांसाठी सुन्नत, पण कान देऊन ऐकणाऱ्यासाठी अधिक ताकीदीचा. आपल्याच राज्यात कोकणातील बहुसंख्य मुस्लिम शाफई फिकह पाळतात, तर मराठवाडा-विदर्भात हनफी फिकह प्रचलित आहे. म्हणजे एकाच आगगाडीच्या डब्यात शेजारी बसलेल्या दोघांच्या कानावर एकच आयत पडली, तर दोघांवरची जबाबदारी निराळी ठरते. हा भेद क्षुल्लक नाही. कान आणि इरादा यांचे नाते काय, हा प्रश्न आपल्या विद्वानांना किती खोलवर जाणवला होता याची ती खूण आहे.

हजरत इब्ने उमर (रजि.) यांची एक रिवायत अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. वाटेत बासरीचा आवाज येताच त्यांनी कानांत बोटे घातली, वाट बदलली आणि सोबतच्या नाफेअ यांना ते विचारत राहिले की अजून ऐकू येते काय. नाही म्हटल्यावरच बोटे काढली. आपण प्रेषितांना (स.) असेच करताना पाहिले होते, असे त्यांनी सांगितले. खुद्द अबू दाऊद यांनी या रिवायतीविषयी साशंकता नोंदवली आहे, इतरांनी ती स्वीकारली आहे. विद्वानांची चर्चा मात्र एका वेगळ्याच मुद्द्याभोवती फिरली: नाफेअ यांना कानांत बोटे घालण्यास का सांगितले नाही? काहींचे उत्तर असे की नाफेअ यांच्या कानावर आवाज पडत होता, ते कान देत नव्हते. आणि मनाई कान देण्याला आहे.

मग सगळी जबाबदारी केवळ त्या क्षणीच्या इराद्यापुरतीच म्हणायची का? मला तसे वाटत नाही, आणि याचे कारण खैबरहून परतीच्या प्रवासातील एक प्रसंग. रात्री मुक्काम झाला. प्रेषितांनी (स.) पहाटेच्या नमाजसाठी जागे करण्याची कामगिरी हजरत बिलाल (रजि.) यांच्यावर सोपवली आणि सारे झोपले. बिलाल (रजि.) यांनाही झोप लागली, ऊन अंगावर आल्यावर सर्वांना जाग आली. नमाज नंतर अदा केली गेली आणि कोणावर रागावणे झाले नाही. अशाच प्रसंगाच्या एका रिवायतीत प्रेषितांनी (स.) समजावले की कसूर झोपेत होत नसते, ती जागेपणी होते. या शिकवणुकीला दोन बाजू आहेत. जे आवाक्याबाहेर आहे त्याचा दोष नाही, ही एक. दुसरी अशी की झोपण्यापूर्वी जागे करण्याची व्यवस्था केली होती की नाही, हे मात्र विचारले जाईल. झोपेत कोणता आवाज ऐकायचा हे झोपलेला माणूस ठरवू शकत नाही. जागेपणी मात्र त्याची तयारी करता येते.

कानाच्या लगामाचेही असेच आहे. तो क्षणोक्षणी आपोआप चालतो, पण घडतो सवयीने. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात श्रोत्यांना गोंगाटातून अक्षरध्वनी ओळखण्याचा काही दिवस सराव दिला गेला. ज्यांची सुधारणा झाली त्यांच्यात ही मेंदूकडून कानाकडे येणारी क्रियाही बळावल्याचे मोजमापात दिसले. माणूस वर्षानुवर्षे कशाला कान देतो, कोणाच्या बोलण्याला आधीच निरर्थक ठरवतो, कोणत्या बातमीची आतुरतेने वाट पाहतो, यातून त्याची श्रवणशक्ती अक्षरशः आकार घेत असते. ज्याचे कान रोज भरले जातात तो एक दिवस हलक्या कानाचा होतो. गीबत ऐकणारा गीबतमध्ये सामील आहे, असे इमाम गझाली यांनी 'इह्या'मध्ये बजावले ते उगाच नव्हे. ऐकणाऱ्याच्या आतुरतेशिवाय चहाडखोराची जीभ फार वेळ चालत नाही.

या संदर्भात एक प्रयोग मला सर्वाधिक अस्वस्थ करणारा वाटतो. भोवळीच्या तीव्र विकारावर उपाय म्हणून काही रुग्णांत तोल सांभाळणारा मज्जातंतू कापावा लागतो. रॅसमुसेन यांनी वर्णिलेली जुडी त्याच तंतूच्या सोबतीने कानात उतरत असल्याने तीही कापली जाते. बर्ट्रम शार्फ आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये अशा एका रुग्णाची आणि १९९७ मध्ये सोळा रुग्णांची श्रवणक्षमता तपासली. बहुतेक गोष्टींत काही फरक नव्हता. एका बाबतीत मात्र होता. आपल्याला एका विशिष्ट सुराची अपेक्षा असेल, तर गोंगाटातून तोच सूर आपण टिपतो. अनपेक्षित उंचीचा तितकाच जोरदार सूर आला तर तो बहुधा निसटतो. शस्त्रक्रिया झालेला कान मात्र अनपेक्षित सूरही अधिक टिपू लागला होता. म्हणजे निरोगी माणसात मेंदूचा हा हुकूम अपेक्षित तेवढे आत घेतो आणि अनपेक्षिताला मागे सारतो. साध्या आयुष्यात हे वरदानच आहे, नाहीतर बाजारातून चालताना डोके फुटून जाईल. पण ज्या ठिकाणी अनपेक्षित गोष्टच सत्य असते, तेथे काय होईल?

हजरत अली (रजि.) यांना काझी म्हणून यमनला पाठवताना प्रेषितांनी (स.) दिलेली सूचना या ठिकाणी आठवते. दोन पक्षकार समोर असतील तर पहिल्याचे ऐकून निर्णय देऊ नये. दुसऱ्याचेही तसेच ऐकावे, मगच निर्णय स्पष्ट होईल, असा तिचा आशय आहे. यातील 'तसेच' महत्त्वाचे. दुसऱ्याला केवळ बोलू देणे पुरेसे नाही. पहिल्याचे कथन संपते तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनात एक अपेक्षा तयार झालेली असते. दुसऱ्याचे शब्द त्या अपेक्षेच्या विरुद्ध असल्याने ते क्षीण ऐकू येण्याचा धोका असतो. त्याला पहिल्याइतकेच ऐकायचे तर आतला लगाम जाणीवपूर्वक सैल करावा लागतो. त्यासाठी वेळ द्यावा लागतो, त्याचे म्हणणे त्याच्यापुढे पुन्हा उच्चारून बरोबर समजले का हे विचारावे लागते, आणि राग आलेला असताना न्यायाला बसू नये, हा हदीसचा नियम पाळावा लागतो.

आपल्या मोहल्ल्यांत पती-पत्नीच्या वादांवर सुलह करण्यासाठी ज्येष्ठ मंडळी बसतात. काम पुण्याचे आहे आणि अनेक घरे त्यामुळे वाचली आहेत. तरी या बैठकांचा क्रम न्याहाळावा. प्रथम बोलतो तो पती किंवा त्याचे वडील. ते जमातीत परिचित असतात, त्यांचा आवाज मशिदीत रोज ऐकलेला असतो. सूरह निसाच्या ३५ व्या आयतीनुसार एक लवाद पतीच्या कुटुंबातला आणि एक पत्नीच्या कुटुंबातला हवा, पण कित्येकदा पत्नीच्या बाजूने कोणी तरी काका दोन वाक्ये बोलतो आणि ती स्वतः आतल्या खोलीत असते. काही ठिकाणी तिला बोलावतात. तोवर तासभर लोटलेला असतो, आणि ती मारहाणीविषयी बोलू लागली की बैठकीला ते विषयांतर वाटते, कारण बैठक दागिन्यांच्या हिशेबाची वाट पाहत असते. येथे कोणी खोटे बोलत नाही, कोणी मुद्दाम कानाडोळाही करत नसेल. 'आम्ही तिचेही ऐकले' असे सर्व जण प्रामाणिकपणे सांगतील.

सूरह मुजादिलाच्या सुरुवातीला जिचा उल्लेख आहे, ती स्त्री हजरत खौला (रजि.) होत्या. पतीने जाहिलियतच्या काळातील प्रथेनुसार तिला आईसमान म्हणून टाकून दिले होते. ना ती विवाहित उरली होती, ना मुक्त. ती प्रेषितांपुढे (स.) आपले गाऱ्हाणे मांडत होती. हजरत आयेशा (रजि.) त्याच घरात, एका कोपऱ्यात होत्या. त्या नंतर सांगत की मी इतक्या जवळ असूनही तिचे काही शब्द मला ऐकू आले नाहीत. आणि सात आकाशांवरून अल्लाहने ते ऐकले. आयती अवतरल्या, ती प्रथा निषिद्ध ठरली, आणि तसे बोलणाऱ्या पतीवर कफ्फारा लागू झाला.

तफ्सीरकारांनी पुढचीही एक घटना नोंदवली आहे. हजरत उमर (रजि.) खलीफा असताना लोकांसमवेत वाटेने निघाले होते. एका वृद्ध स्त्रीने त्यांना थांबवले आणि ती बोलू लागली. ते तिच्याकडे झुकून बराच वेळ ऐकत राहिले, सोबतची प्रतिष्ठित मंडळी खोळंबली. एका म्हातारीसाठी आपण या सर्वांना तिष्ठत ठेवले, असे कोणी तरी म्हणाले. उमर (रजि.) यांनी सांगितले की ही खौला आहे, तिने रात्रीपर्यंत बोलायचे ठरवले असते तर मीही नमाजपुरता बाजूला होऊन पुन्हा येथे येऊन उभा राहिलो असतो.